टक्के बाजूला ठेवा, अडतं कुठे ते लिहून घ्या

ताई,

तुमच्या मुलाला रेटिनायटिस पिगमेंटोसा (आरपी) आहे, म्हणजे रातांधळेपणा आणि बाजूची नजर हळूहळू कमी होत जाणारा डोळ्यांचा आजार, इंजिनिअरिंगचे सगळे पेपर त्याने लेखनिक घेऊन दिले, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डावर ७५ टक्के अपंगत्व आहे आणि पुढच्या फॉलला, म्हणजे ऑगस्टच्या सत्राला, अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करायचा त्याचा विचार आहे. अर्जात डोळ्यांचं सांगायचं की नाही, तिकडे लेखनिक मिळतो का, आपला दाखला चालतो का आणि पहिलं वर्ष तुम्हाला सोबत राहता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची कराडची. आता इलिनॉयमध्ये असते आणि एका युनिव्हर्सिटीच्या डिसॅबिलिटी ऑफिसात नोकरी करते. टेबलाच्या अलीकडून रोज हेच बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दाखला, कारण आपल्याकडून येणारी मुलं बहुतेक वेळा तिथेच अडकतात. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची रेघ आहे. ती ओलांडली की आरक्षण, लेखनिक, जादा वेळ, सगळं त्या एका कार्डावर सुरू होतं. इथे तशी रेघच नाही. १९७३च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ आणि १९९०चा एडीए (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट) या अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या दोन कायद्यांवर इथलं सगळं चालतं आणि त्यांत टक्क्यांचा हिशेब नाही. रोजच्या कुठल्या कामात मोठा अडथळा येतो, एवढंच बघतात. त्यामुळे ७५ हा आकडा बघून माझ्या सहकाऱ्यांना काहीच कळत नाही. कार्ड आणू द्या, पण भिस्त ठेवायची ती डॉक्टरांच्या पत्रावर.

आणि ते पत्र ‘नोन केस ऑफ आरपी, काइंडली डू द नीडफुल’ असं दोन ओळींचं नको. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. मुलाने स्वतः कच्चा मसुदा लिहावा, फाइल घेऊन त्यांच्यासमोर बसावं आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबर आणि तारखेसकट सही घ्यावी. मजकूर साधारण असा: मधली नजर किती, बाजूची नजर किती उरली आहे आणि सोबत फील्ड टेस्टचा अलीकडचा रिपोर्ट, कमी उजेडात दिसतं का, प्रखर उजेडाने डोळे दिपतात का, सलग किती वेळ वाचू शकतो, त्यानंतर काय होतं, आजार वाढत जाणारा आहे का. एक गोष्ट आवर्जून लिहून घ्या. नजर अरुंद झालेल्या बऱ्याच जणांना अक्षर फार मोठं करून फायदा होत नाही, उलट एका वेळी दोनच शब्द नजरेत मावतात. त्यांना काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर लागतं, किंवा सरळ ऐकणं सोपं जातं. हे पत्रात नसलं तर ऑफिसवाले ‘लो व्हिजन’ वाचून मोठ्या टायपातले कागद हातात ठेवतात आणि आपलं काम झालं असं समजतात.

अर्जात सांगायचं का? ॲडमिशनच्या आधी अपंगत्व आहे का असं विचारायला इथल्या युनिव्हर्सिट्यांना साधारणपणे बंदी आहे, त्यामुळे न सांगणं म्हणजे लपवणं होत नाही. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, लिहायचं की नाही हा त्याचा प्रश्न. माझं मत विचाराल तर, स्क्रीन रीडरशी, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, झगडता झगडता त्याला ॲक्सेसिबिलिटी सॉफ्टवेअरमध्ये रस निर्माण झाला असेल तर जरूर लिहावं, कारण मग तो त्याच्या कामाचा भाग आहे. एखाद्या सेमिस्टरला मार्क कमी पडले असतील तर त्याचं कारण म्हणूनही एक-दोन वाक्यांत चालेल. पण अख्खा निबंध ‘अंधारावर मात’ छापाचा नको. इथल्या प्राध्यापकांना मुलगा प्रोजेक्ट कुठला करणार हे वाचायचं असतं.

जीआरई आणि टोफेल या प्रवेशासाठीच्या परीक्षांना मात्र उशीर करू नका. जादा वेळ, पडदा मोठा करणं, रंग बदलणं, स्क्रीन रीडर असं सगळं मिळतं, पण या परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेकडे आधी त्यासाठी अर्ज करायचा आणि मंजुरी आल्यावरच तारीख घ्यायची. आधी स्लॉट बुक करून मग कागद पाठवणाऱ्यांची तारीखही जाते आणि मनस्तापही होतो. मंजुरीला काही आठवडे लागतात. डॉक्टरांचं ते सविस्तर पत्र इथेच पहिल्यांदा उपयोगी पडतं.

आता लेखनिक. इथे मी जरा स्पष्ट बोलते. आपल्याकडे तासाला २० मिनिटं जादा आणि शेजारी लिहायला एक मुलगा, ही घडी पक्की बसलेली आहे. इथे जादा वेळ बहुधा दीडपट मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर आपल्याकडे चार तासांचा होतो, इथे साडेचारचा. पण लेखनिक सहजासहजी देत नाहीत. हात चालतात, कीबोर्ड येतो, तर स्क्रीन रीडर लावलेला कॉम्प्युटर घे आणि स्वतः लिही, असा इथला खाक्या. मला तो पटतो, कारण नोकरीत कोडिंगच्या इंटरव्ह्यूला लेखनिक नसतो. अडचण अशी की लेखनिकाला ‘समेशन आय इक्वल्स वन टू एन’ तोंडी सांगून चार वर्षं काढलेल्या मुलाला तेच स्वतः टाइप करायची वेळ येते, तेव्हा तो हुशार असूनही मागे पडतो. निघायच्या आधी त्याने लेटेकमध्ये, म्हणजे समीकरणं कीबोर्डवरून टाइप करायच्या पद्धतीत, गणित लिहायची सवय करून घ्यावी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे; तो वेगाने ऐकायचा सराव आत्ताच सुरू करावा, अमेरिकन उच्चारांच्या आवाजात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, त्यांचा या बाबतीतला अनुभव मोठा आहे. नाशिकहून एक खेप घालायला हरकत नाही.

कॉलेज निवडताना रँकिंगच्या याद्या बघताच आहात, त्याच्या जोडीला प्रत्येक ठिकाणच्या डिसॅबिलिटी ऑफिसला एक ईमेल जाऊ द्या. इतिहास मोठा म्हणून सगळीकडे सगळं मिळतं असं नाही. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय युनिव्हर्सिटीचा व्हीलचेअरवाल्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम १९४८चा, बर्कलीत व्हीलचेअर वापरणाऱ्या एड रॉबर्ट्सने १९६२ साली प्रवेश घेतला आणि तिथून अपंगांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली, रॉचेस्टरला कर्णबधिरांसाठी एनटीआयडी ही संस्था आहे. पण तुमच्या मुलाचं अडणार आहे ते समीकरणांनी भरलेल्या पीडीएफवर. तेव्हा ईमेलमध्ये नेमकं विचारा: गणिताची पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी कोण करून देतं आणि किती दिवसांत? तुमच्या परीक्षा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए किंवा जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर आहे का? कोर्स निवडायला आधी संधी मिळते का? ‘आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र विचार करतो’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं, तर त्यांच्याकडे ते काम करणारा माणूस नसणार असं धरून चाला.

हा ईमेल त्याच्याच नावाने, त्याच्याच अकाउंटवरून जायला हवा. तुम्हाला हे टोचेल, पण आमच्या ऑफिसात आईबाबांचे फोन येतात तेव्हा आम्हाला ‘काही सांगता येत नाही’ एवढंच म्हणता येतं. विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या फर्पा नावाच्या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय तो आमच्याकडे येतो की नाही हेसुद्धा आम्ही सांगत नाही. शाळेत तुम्ही मुख्याध्यापकांना भेटून सगळं मार्गी लावलं असेल. इथे मागायचं त्याने, पाठपुरावा करायचा त्यानेच. कोणी आपणहून विचारायला येत नाही.

ॲडमिशन मिळाली, आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आला, की त्याच आठवड्यात ऑफिसकडे नोंदणी करावी. ऑगस्टमध्ये उतरल्यावर बघू, असं नको. एक मुलाखत होते, बहुधा झूमवर, आणि त्यानंतर सोयी ठरतात: जादा वेळ, वेगळी खोली, पुस्तकांच्या वाचता येतील अशा प्रती, वर्गात फळ्यावर येणारं आधी मिळणं. मग प्रत्येक प्राध्यापकाच्या नावे एक पत्र निघतं. त्यात सोयी लिहिलेल्या असतात, आजाराचं नाव नसतं. हे पत्र दर सेमिस्टरला नव्याने मागून घ्यावं लागतं आणि परीक्षेची खोली प्रत्येक पेपरला आधी बुक करावी लागते, कित्येक ठिकाणी किमान आठवडाभर आधी. सोमवारी पेपर आणि शुक्रवारी दुपारी धावत येणारी मुलं आम्ही दर सेमिस्टरला बघतो.

सगळ्यात महागात पडणारा नियम हा: सोयी मागच्या तारखेने लागू होत नाहीत. पहिलं सेमिस्टर ‘बघू जमतंय का’ म्हणून तसंच काढलं, मिडटर्म घसरली आणि मग नोंदणी केली, तर त्या मिडटर्मचं काही होत नाही. आपली मुलं हे फार करतात. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी वेगळं दिसायला नको वाटतं, ते समजतं. पण नोंदणी करून सोय न वापरणं केव्हाही बरं.

सगळं मागाल ते मिळेल असंही नाही. वेळ वाढवतील, स्वरूप बदलतील, पण कोर्सचा गाभा बदलत नाहीत. अल्गोरिदम्सचा अनिवार्य कोर्स माफ करा म्हटलं तर नाही म्हणतील. एखादा प्राध्यापक पत्र मिळूनही टाळाटाळ करू लागला तर त्याच्याशी वाद न घालता ऑफिसला कळवायचं. ऑफिसच्या वर कलम ५०४चा समन्वयक असतो, तक्रारीची रीतसर वाट असते. सोयींसाठी वेगळे पैसे आकारता येत नाहीत. टीएशिप, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करायची पगारी नोकरी, मिळाली तर तो कर्मचारीही झाला. त्या कामासाठी लागणाऱ्या सोयी बहुतेक ठिकाणी एचआरकडे वेगळ्या मागाव्या लागतात.

व्हिसाची एक बाब आमच्यासारख्या ऑफिसांतूनही सुटते, म्हणून नीट वाचा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ कोर्स घ्यावे लागतात. डोळ्यांवर ताण येतोय म्हणून एक कोर्स कमी करायला डिसॅबिलिटी ऑफिसने ‘हो’ म्हटलं तरी तेवढ्याने भागत नाही. इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी कोर्स सोडायच्या आधी लागते, डॉक्टरांच्या पत्रासकट, आणि वैद्यकीय कारणाने ही सवलत एका डिग्रीच्या पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंतच मिळते. आधी कोर्स सोडला आणि मग कळवलं, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. म्हणून हे महिने उधळू नयेत. आजार वाढता आहे, पुढे लागतील.

तुमचं सोबत राहणं. एफ-२ हा विद्यार्थ्यासोबत राहायचा व्हिसा फक्त नवरा-बायको आणि मुलांना मिळतो, आईला नाही. तुम्ही बी-२ या पर्यटक व्हिसावर येऊ शकता, साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, पण ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो. युनिव्हर्सिटी वैयक्तिक मदतनीस देत नाही. खरं सांगू? सुरुवातीचे तीन आठवडे या, बँक, फोन, भांडीकुंडी लावून द्या आणि परत जा. वाणसामानाचं दुकान, बस स्टॉप, वर्ग, हे रस्ते त्याने एकट्याने पाठ करायला हवेत, आणि तेही ऑक्टोबरच्या आत.

कारण त्यानंतर हिवाळा. डिसेंबरात आमच्याकडे साडेचारला सूर्य मावळतो. रातांधळेपणा असलेल्या मुलाला म्हणजे संध्याकाळच्या सगळ्या क्लासना अंधारातून जाणं आलं. कोर्स निवडायची पहिली संधी ही सोय म्हणूनच मागायची, म्हणजे दिवसाचे वर्ग मिळतात. दिवसा बर्फावरून उजेड परत फेकला जातो, त्याला रंगीत गॉगल लागेल. रस्त्यावरून बाजूला लोटलेल्या बर्फाचे ढीग नेमके फुटपाथच्या उतारांवर साचतात. गाड्या उजव्या बाजूने चालतात, आणि लाल दिव्यावरही बऱ्याच ठिकाणी उजवीकडे वळायची मुभा असते. बाजूची नजर नसलेल्याला ती वळणारी गाडी दिसतच नाही. त्याच्याकडे पांढरी काठी आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिवसा दिसतं म्हणून मुलं काठी घेत नाहीत, लाज वाटते. घ्यायला लावा आणि चालायचं रीतसर प्रशिक्षण भारतातच करून घ्या. नॅबकडे (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) चौकशी करा. इथे ते राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशनमधून (अपंगांना नोकरीसाठी तयार करणारी सरकारी योजना) मिळतं आणि एफ-१वाल्याला ती मदत मिळेल असं धरून चालू नका. एसएसआय या अपंगांसाठीच्या सरकारी मासिक मदतीचंही तेच. पॅराट्रान्झिट म्हणजे घरून नेणारी बससेवा मात्र नागरिकत्व विचारत नाही. रात्रीपुरती पात्रताही देतात, भाडं साध्या बसच्या जास्तीत जास्त दुप्पट. आल्याबरोबर अर्ज टाकावा.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. जागा मोजक्याच असतात, पण तिथे तुमचे ते ७५ टक्के मोजले जातात, तेव्हा यूडीआयडीची मुदत तपासून ठेवा. विद्यार्थ्यांच्या विम्यात डोळ्यांची नेहमीची तपासणी आणि चष्मा बहुधा वेगळा असतो, म्हणून दोन चष्मे आणि हातातलं भिंग तिकडूनच आणावं. व्हिडिओ मॅग्निफायर असेल तर चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नसेल तर तो इथे चालणार नाही, नवा चार्जर तिथेच घेतलेला स्वस्त पडेल.