पंचवीस युरोंची हजामत

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करतो. केस कापायला त्याला पंचवीस युरो, म्हणजे जवळपास अडीच हजार रुपये पडतात. कराडला माझे काम शंभर रुपयांत होते. त्याचा पगार रुपयांत ऐकला की छाती फुगते आणि खर्च ऐकला की आपणच बरे असे वाटते. भारत ही जगातील तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था आहे, असेही मध्यंतरी वाचले होते. मग जर्मनी श्रीमंत आणि आपण गरीब, हे कितपत खरे? (एक निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : आपली गफलत युरोला शंभराने गुणण्यात झाली आहे, आणि ती बहुतेक सर्वांचीच होते. विनिमय दर ठरतो तो देशादेशांत ये-जा करणाऱ्या मालाच्या आणि पैशाच्या व्यवहारांतून. सलूनच्या खुर्चीचा त्या बाजाराशी संबंध येत नाही, कारण हजामतीसाठी श्टुटगार्टहून कोणी कराडला येत नाही. ही अडचण ओळखून १९६८ साली संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी देशोदेशींच्या किमती प्रत्यक्ष गोळा करून ताडून पाहण्याचा प्रकल्प हाती घेतला. आज तो जागतिक बँकेच्या देखरेखीखाली चालतो आणि त्यातून निघणाऱ्या दराला क्रयशक्ती समानतेचा दर म्हणतात. २०१७ च्या फेरीत असे दिसले, की अमेरिकेत एका डॉलरला जेवढे मिळते तेवढे भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळते. बाजारात मात्र त्या वर्षी डॉलरला ६५.१२ रुपये मोजावे लागत होते. म्हणजे आपल्याकडची स्वस्ताई खरीच आहे.

आपण वाचलेला तिसरा क्रमांक याच मोजमापातला असावा. त्या फेरीत चीन आणि अमेरिका यांच्यानंतर भारत होता, पण जगाच्या एकूण उत्पन्नातील त्याचा वाटा ६.७ टक्के होता आणि जगातील सहा माणसांमागे किमान एक माणूस भारतीय होता. क्रमांक देशाचा असतो, घास माणशी मोजावा लागतो.

आता चलन बाजूला ठेवून घामाच्या तासांत हिशेब करून पाहू. जर्मनीत २०२५ साली कायद्याने ठरलेले किमान वेतन ताशी १२.८२ युरो होते; महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर ताशी ३९ रुपये. या दराने तिकडच्या मजुराची हजामत सुमारे दोन तासांच्या कमाईत होते आणि इकडच्या मजुराची अडीच तासांच्या. फरक आहे, पण डोळे विस्फारावेत असा नाही. मग दोघांनी वीस हजार रुपयांचा, म्हणजे साधारण दोनशे युरोंचा, मोबाइल घ्यायचे ठरवले असे समजू. तिकडच्याला सोळा तास, म्हणजे दोन दिवस राबावे लागेल. इकडच्याला चौसष्ट दिवस, आणि तेही एक रुपया खाण्यावर खर्च न करता. (कर आणि विम्याची कपात मी येथे धरलेली नाही. जर्मनीत आरोग्यविम्याची मूळ वर्गणीच पगाराच्या १४.६ टक्के असते, मात्र तिचा निम्मा भार मालक उचलतो आणि त्या बदल्यात दवाखान्याच्या बिलासाठी दागिने मोडावे लागत नाहीत.)

हजामत इकडे स्वस्त का, याचे उत्तर कात्रीत सापडत नाही. कंगवा तोच, यंत्र तेच, वेळही वीस मिनिटांचाच; किंबहुना कराडचा कारागीर दाढी आणि मानेची मालीश यांत अधिक तरबेज असेल. परंतु श्टुटगार्टच्या परिसरात मोटारींचे कारखाने आहेत, तेथील कामगार यंत्रांच्या बळावर तासाला पुष्कळ मूल्य निर्माण करतो आणि त्याला पगारही तसाच मिळतो. सलूनवाल्याने आपल्या माणसाला त्याच्या आसपास नेणारा मोबदला दिला नाही, तर तो माणूस टिकणार नाही. कराडच्या कारागिरापुढे असा कारखाना नाही आणि व्हिसाच्या भिंतीमुळे त्याला श्टुटगार्टची खुर्चीही गाठता येत नाही. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ साली हाच धागा अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला होता. जगातील माणसामाणसांच्या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक फरक केवळ ते कोणत्या देशात राहतात यावरून उलगडतो, असे अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी पुढे दाखवून दिले.

तेव्हा स्वस्ताई खरी असली, तरी ती कोणाच्या पदरात पडते हे पाहावे लागते. चिरंजीवांनी युरोंत शिल्लक टाकून ती कराडला पाठवली, तर तिचा पुरेपूर लाभ आपल्याला मिळेल. आपले केस कापणाऱ्याला मात्र तोच वीस हजारांचा मोबाइल घेण्यासाठी दोनशे डोकी हातावेगळी करावी लागतील. श्टुटगार्टच्या खुर्चीवर तेवढ्याच रकमेसाठी आठ डोकी पुरतात.