सुरक्षा परिषदेत एकट्या राजदूताचं भागतं का?

प्रश्न: भारत २०२१-२२ ला सुरक्षा परिषदेत होता तेव्हा न्यूयॉर्कला जास्तीची माणसं लागली असतील का? राजदूत बसले की झालं ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही हो, तेवढ्यावर अजिबात भागत नाही! टीव्हीवर आधी आपले राजदूत तिरुमूर्ती, नंतर त्यांच्या जागी आलेल्या रुचिरा कंबोज दिसायच्या, पण मागे टीम राबत असते, सीरिया एकाकडे, आफ्रिका दुसऱ्याकडे, ठरावाचा मसुदा आला की शब्द न शब्द वाचायचा, दिल्लीला विचारायचं, आणि तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात दिल्लीत पहाटेचे साडेतीन. शिवाय तालिबान आणि लिबियाच्या निर्बंध समित्यांचं अध्यक्षपद, २०२२ ला दहशतवादविरोधी समितीही आपल्याकडेच. त्यात ऑगस्ट २०२१ ला परिषदेचं अध्यक्षपद आलं आणि १५ तारखेला काबूल पडलं! ३० ला अफगाणिस्तानवरचा ठराव २५९३ मंजूर झाला, १३ मतं बाजूने, रशिया-चीन तटस्थ. असा महिना ऐनवेळी धाडलेल्या नवख्या माणसांच्या जिवावर निभत नाही. परिषदेच्या नव्या सदस्यांची निवडणूक आदल्या वर्षीच्या जूनमध्ये होते, त्यांना ऑक्टोबरपासून बैठकांना बसून बघता येतं, म्हणून मला मनापासून वाटतं की बदल्यांच्या ऑर्डरी जूनमध्येच निघाल्या पाहिजेत.