संतांचा ‘वशिला’

प्रश्न ठाण्याहून आला आहे. विचारणारे गृहस्थ कॅथलिक, नोकरी वाशीला. सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये त्यांच्या शेजारी रोज बसणारे सहकारी प्रोटेस्टंट, मूळचे नगरकडचे. परवा ऐरोली गेल्यावर सहकारी म्हणाले, “तुमच्याकडे सगळं वशिल्यावर चालतं. देवाशी थेट बोलायचं सोडून आधी मरियेला गाठायचं, मग संत अँथनींना. बायबल तर सांगतं, मध्यस्थ एकच.” कोपरखैरणे येईपर्यंत आमच्या गृहस्थांना उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं आहे : इथे ‘वशिला’ हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘मध्यस्थी’ लिहायचं की ‘मध्यस्ती’?

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते एका ओळीचं आहे. मध्यस्थी. मध्ये जो ‘स्थ’ तो मध्यस्थ. गेल्या सप्टेंबरात सणाच्या एका फ्लेक्सवर ‘मारिया माउलीची मध्यस्ती’ असं हातभर अक्षरांत छापलं होतं. आठ दिवस जाता-येता ते वाचावं लागलं आणि आठही दिवस माझं डोकं उठलं. माउली कुणाच्या मध्ये उभी आहे हे नंतर बघू, निदान तिला नीट उभी तरी करा!

आता वशिला. त्याचा रोजचा अर्थ सांगत बसत नाही. कॉलेजच्या ॲडमिशनपासून रेशनकार्डापर्यंत कुठे ना कुठे तो प्रत्येकाला भेटलेला असतो. मला सांगायचं आहे ते त्याचं कूळ. एका व्याख्यानानंतर चहाच्या टेबलावर एका संस्कृतप्रेमी सद्गृहस्थांनी मला फार प्रेमाने समजावलं होतं की साहेबाला ‘वश’ करून घ्यायचं म्हणून ‘वशिला’. ऐकायला गोड आहे. पण मग ‘इला’ हा काय प्रत्यय, आणि तो आणखी कुठल्या शब्दाला लागतो? त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि विषय बदलला.

शब्द अरबी आहे : वसीला. फारसीतून आपल्याकडे आला आणि येताना ‘स’चा ‘श’ झाला. पुढे इ किंवा ई दिसली की मराठीची जीभ बाहेरून आलेल्या ‘स’ला टाळूकडे ओढते. सिपाहीचा शिपाई झाला, सिक्क्याचा शिक्का, नसीबाचं नशीब, हासिलचं ‘त्यात काय हशील’मधलं हशील, मस्जिदीची मशीद. त्याच वाटेने वसीलाचा वशिला. एवढी रांग उभी असताना ‘वश’ला मधे घुसवायचं कारण नाही.

या रांगेत माझा एक लाडका शब्द आहे. विषय ख्रिस्ती आहे म्हणून सांगून घेते. हिब्रूत ‘अभिषिक्त’ याला जो शब्द आहे त्यात मुळात ‘श’ आहे : माशीआह. अरबीने त्याचा ‘स’ केला : मसीह. आणि मराठी बायबलात आपण वाचतो ‘मशीहा’. भाषांतरकारांनी हिब्रू समोर ठेवून तो ‘श’ मुद्दाम लिहिला असणार, हे मलाही कळतं. पण त्यांनी तो लिहिला नसता तरी आपल्या जिभेने शिपायाच्या आणि शिक्क्याच्या रांगेत बसवून त्याला घरी पोचवलंच असतं, असं मला वाटतं. अरबीत हरवलेला ‘श’ मराठीत सापडावा! असो.

आणखी एक चूक आहे, ती जरा जास्त शिकलेल्यांची. ‘वशिला’ आणि ‘वसूल’ एकाच धातूचे, असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटले आहेत. नाहीत. वसूल म्हणजे पोचणं, हाती येणं. त्यातला ‘स’ अरबीतला साद. वसीलातला ‘स’ म्हणजे सीन. अरबी कानाला ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आपल्याला दोन्ही सारखीच ऐकू येतात. ज्यांना अक्षरं वेगळी ऐकू येत नाहीत त्यांनी धातू जुळवायच्या भानगडीत पडू नये.

तर वसीला म्हणजे काय? एखाद्या थोराजवळ ज्याच्या योगाने जाता येतं ते, जवळ जाण्याचं साधन. आणि हा शब्द कचेरीतला नाही, थेट धर्मशास्त्रातला आहे. कुराणाच्या पाचव्या सुरेत, पस्तिसाव्या आयतीत, ईश्वराचं भय बाळगा आणि त्याच्यापाशी पोचण्याचा ‘वसीला’ शोधा, असं सांगितलं आहे. हा वसीला कोणता, यावर मुसलमानांत शतकानुशतकं वाद आहे. एक पक्ष म्हणतो, वसीला म्हणजे सत्कर्म आणि आज्ञापालन, बाकी काही नाही. दुसरा म्हणतो, पैगंबरांच्या आणि वलींच्या, म्हणजे संतांच्या, नावाने मागणं हाही वसीलाच. या मागण्याला त्यांनी त्याच धातूवरून नाव ठेवलं आहे : तवस्सुल. म्हणजे ऐरोली-घणसोलीच्या दरम्यान झालेलं भांडण दुसऱ्या एका धर्मात, याच शब्दावरून, केव्हाचं चालू आहे. सहकाऱ्यांनी टोमणा मारायला शब्द उचलला, आणि उचलला तो नेमका संतांना हाक मारणाऱ्यांच्या बाजूचा. मला हे कळलं त्या दिवशी मी घरात एकटीच हसले होते.

पण म्हणून शब्द बरोबर ठरतो का? नाही. शब्द जन्मतो कुठे यावर त्याचा आजचा अर्थ ठरत नाही, आणि मराठीत आल्यावर वशिल्याला वास लागला. हा वास कुठे लागला याबद्दल माझा एक तर्क आहे. तर्कच आहे, कोशात शोधू नका. ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणतो आपण. तट्टूच का? गाढव का नाही, बैल का नाही? मोगल अमदानीत सरदारांना ठरावीक घोडे बाळगण्याचे पैसे मिळत, आणि पाहणीच्या दिवशी चांगल्या घोड्याऐवजी मरतुकडी तट्टं उभी करून पैसे लाटण्याची खोड इतकी पसरली होती की अकबराला घोड्यांना डाग द्यायची पद्धत बसवावी लागली. आता डोळ्यांसमोर आणा : हजिरीची रांग, तपासणारा कारकून, आणि एक तट्टू, जे घोडा म्हणून पास होतं, कारण धन्याची कुणाशी तरी ओळख आहे. माझ्या मते आपला वाक्प्रचार या रांगेतून चालत आला. वसीला ईश्वराजवळ जाण्याचं साधन होता, पागेत शिरला आणि तट्टाला घोडा करण्याचं साधन झाला.

म्हणजे आजच्या वशिल्यात तीन गोष्टी लागतात. लायकी नसलेलं तट्टू हवं, चोरून केलेली कुजबुज हवी, आणि नियम वाकवणारा कारकून हवा. सहकाऱ्यांचा शब्द बसवायचा तर देवाला त्या कारकुनाच्या खुर्चीत बसवावं लागेल. कॅथलिक माणूस तसं करत नाही. नगरकडच्या त्या भल्या माणसालाही तसं म्हणायचं नसणार.

माझी आजी ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठच्या चर्चमधली. मे महिन्यात गावठाणातल्या क्रूसासमोर लादीन व्हायची; म्हणजे नावांची माळ, पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेली. क्रूसाला झेंडूचे हार, खाली पेटलेल्या मेणबत्त्या, आणि शेवटी द्रोणात उकडलेले चणे, ज्यांच्यावर आम्हा पोरांचा सगळा वेळ डोळा. आजीला लॅटिनचं एक अक्षर कळत नव्हतं. पण ती चुकायची नाही. सुरुवातीला देवाचं नाव आलं, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं, की उत्तर ‘मिसेरेरे नोबिस’, आमच्यावर दया कर. मरियेचं नाव आलं की उत्तर बदलायचं : ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर. आजी ते घाईत ‘ओराप्नोबी’ करायची, पण देवाला कधी ओरा म्हणाली नाही आणि मरियेला कधी मिसेरेरे. शेवटी पुन्हा देवाचा कोकरा, म्हणजे ख्रिस्त, पुन्हा मिसेरेरे. दया करणारा एक, विनंती करणारे अनेक. सगळा भेद क्रियापदात आहे आणि निरक्षर बाईला तो तोंडपाठ होता. ‘पूजा’ आणि ‘भक्ती’ यांचा कीस काढणाऱ्यांनी आधी तिच्या शेजारी बसून चणे खायला हवे होते.

आता ‘मध्यस्थ एकच’. वचन खरं आहे : पौलाने तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय दुसरा, पाचवी ओवी. (आमच्या घरात बायबलच्या वचनाला ‘ओवी’ म्हणायची सवय आहे, फादर स्टीफन्सनी आमच्यासाठी ख्रिस्तपुराण ओव्यांतच लिहिलं, १६१६ साली ते छापलं गेलं. सवय सोडणार नाही.) तिथे ग्रीक शब्द आहे मेसितेस, ‘मेसोस’पासून, म्हणजे मधला. आपला मध्यस्थ त्याला अंगासरशी बसतो. गीतेत सहाव्या अध्यायात सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन यांच्या ओळीत ‘मध्यस्थ’ येतो : भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचं भलं इच्छिणारा. ख्रिस्त देवही आहे आणि माणूसही, म्हणून दोन्ही टोकांना धरून मध्ये उभा राहू शकतो. या अर्थाने मध्यस्थ एकच, आणि त्यावर कॅथलिकांचं भांडण नाही. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने संतांना हाक मारणं चांगलं आणि हिताचं आहे असं ठरवलं, तेव्हा त्याच वाक्यात हेही घातलं की मागायचं ते देवाकडून, त्याच्या पुत्राच्या द्वारे, आणि तारणारा तो एकटाच.

पण सहकारी पाचव्या ओवीवर उतरले, चार ओव्या आधी चढले असते तर बरं झालं असतं. पहिल्याच ओवीत पौल सांगतो की सर्व माणसांसाठी विनंत्या करा, आणि तिथे एक शब्द वापरतो : एन्तेउक्सिस. मूळ अर्थ गाठ पडणं, गाठ घेणं. ग्रीक राजांच्या अमलातल्या इजिप्तमध्ये हा राजाला केलेल्या अर्जाचा ठराविक शब्द होता, असे पपायरसवरचे अर्ज ढिगाने सापडले आहेत. मायना राजाचा, आणि प्रत्यक्षात अर्ज हाताळायचा जिल्ह्याचा अधिकारी; कोर्टनाक्यावर उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणजे मध्यस्थ एक आणि दुसऱ्यासाठी अर्ज करणारे अनेक, हे पौलाच्या एकाच पानावर सुखाने नांदतात. सहकारी स्वतः आईच्या ऑपरेशनच्या वेळी ऑफिसभर सांगत होते ना, प्रार्थना करा म्हणून? तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलं आहे. तो वशिला होता का?

यावर ते म्हणतील, जिवंत माणसाला सांगणं वेगळं. म्हणोत. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात लूथरपंथीयांनी हीच पाचवी ओवी पुढे करून संतांना हाक मारायला नकार दिला. पण पुढच्याच वर्षी लूथरचा सहकारी मेलांक्थॉन याने त्याचं समर्थन लिहिलं, त्यात स्वर्गातले संत अखिल मंडळीसाठी प्रार्थना करतात हे मान्य केलं आहे. म्हणजे वाद उरला तो एवढाच : ते आपल्यासाठी विनंती करत आहेत, तर ‘करा बरं का’ असं म्हणावं की नाही. आजी म्हणायची. मीही म्हणते.

एक चिमटा आपल्याच लोकांना. मरियेला सरसकट ‘मध्यस्थ’ म्हणायची घाई करू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली तिच्या पदव्यांत त्या अर्थाचा शब्द घेतला, हे खरं. पण ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीतून त्याने काही वजा होत नाही आणि तिच्यात काही भर पडत नाही, अशी पुस्ती लगेच जोडली. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात रोमनेच ‘सहतारक’ या अर्थाची पदवी तिला लावू नका असं सांगितलं. रोम इतकं जपून शब्द टाकतं, आणि आपण फ्लेक्सवर मध्यस्ती छापतो.

मग शब्द कोणता? रदबदली चालेल, पण त्याला भांडणाचा सूर आहे. माझं मत शिफारसीला. हाही फारसी, ‘सिफारिश’, हाही त्याच श-च्या रांगेतला. आणि आता गंमत पाहा : सिफारिश ज्या धातूची, त्याच धातूचा आपला ‘सुपूर्द’. सिपुर्दन म्हणजे सोपवणं. शिफारस म्हणजे मुळात ‘हा माणूस तुझ्या हाती सोपवला’.

काना गावच्या लग्नात मरियेने कुजबूज केली नाही, नियम वाकवायला सांगितला नाही, येशूला इतकंच म्हणाली की यांच्याजवळ द्राक्षारस राहिला नाही; आणि वाढप्यांना सांगितलं, तो सांगेल ते करा. गरज त्याच्या हाती सोपवली आणि बाजूला झाली. ही झाली शिफारस. योहानाच्याच शुभवर्तमानात पुढे, क्रूसावरून, येशू शिष्याला म्हणतो, ही पाहा तुझी आई. तो झाला सुपूर्द. एकाच धातूचे दोन शब्द, एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना, दोन्ही वेळी तीच बाई. हे योहानाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, त्याला फारसी येत नव्हती. मला येते, थोडीशी, आणि म्हणून हे तुमच्यापासून लपवून ठेवणं मला जमलं नसतं.

उद्या सहकारी भेटले की तट्टाचं सांगा. कुराणाचं सांगू नका, वाशी येईल आणि विषय अर्धा राहील.