त्याचा होकार कोणी द्यायचा?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याला सात-आठ शब्द येतात, पण तेही तो अगदीच गरज पडली तर उच्चारतो. मेंदूच्या एमआरआय चित्रणावर आधारित एका संशोधनात त्याला सहभागी कराल का, असे आम्हाला विचारण्यात आले आहे. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की हा कानांवर उशी दाबून पलंगाखाली जाऊन बसतो. तो त्या यंत्रात कसा राहील? तो का बोलत नाही, हे त्या चित्रांतून कळेल का? आणि ज्याला ‘हो’ म्हणता येत नाही, त्याच्या वतीने मी ‘हो’ म्हणावे का?
— एक आई, एरंडवणे, पुणे

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण संमतीपत्रावर सही करताना बहुतेक पालकांच्या मनात तीच आशा असते. नाही, कळणार नाही. स्वमग्नतेचे निदान आजही मुलाचे वागणे, खेळणे आणि संवाद यांच्या निरीक्षणावरूनच होते. फिट येत असतील किंवा दुसऱ्या एखाद्या आजाराची शंका असेल, तर डॉक्टर एमआरआय करायला सांगतात, ती बाब वेगळी. संशोधनात मात्र अनेक मुलांच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढली जाते, आणि त्या सरासरीवरून तुमच्या मुलाविषयी काही सांगणे धाडसाचे ठरेल.

तरीही त्याच्यासारख्या मुलाला बोलावले जात आहे, याचे मला अप्रूप वाटते. स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुले पाच वर्षांची झाल्यावरही मोजकेच शब्द बोलतात. पण मेंदूच्या चित्रणाचे बहुतेक अभ्यास झाले ते व्यवस्थित बोलणाऱ्या आणि सांगितले की स्वस्थ पडून राहणाऱ्या मुलांवर. डोके जरासे हलले तरी चित्र बिघडते, हे त्यामागचे कारण. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, डोक्याच्या अगदी बारीक हालचालींमुळेही मेंदूच्या एकमेकांपासून दूर असलेल्या भागांमधील जोडणी, म्हणजे त्यांचे एका लयीत काम करणे, आहे त्याहून कमकुवत आणि जवळच्या भागांमधील जोडणी बळकट भासते. पंचाईत अशी की, स्वमग्नतेत दूरची जोडणी कमकुवत असते, असा निष्कर्ष त्याआधी अनेक वर्षे मांडला जात होता. त्यात मेंदूचा वाटा किती आणि चुळबुळीचा किती, हे मग नव्याने तपासावे लागले.

हलणाऱ्या मुलांना एमईजी ही पद्धत थोडी सोयीची पडते. पार्लरमधल्या केस वाळवायच्या टोपासारख्या यंत्राखाली मूल बसते किंवा झोपते आणि मेंदूतील विद्युतप्रवाहांमुळे निर्माण होणारे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजले जाते. यंत्र आवाज करत नाही. समोर मुके कार्टून चालू असले तरी चालते, मुलाच्या कानावर सूर पडले की पुरे. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांना २०१० मध्ये असे आढळले की, स्वमग्न मुलांच्या मेंदूत आवाजाला मिळणारा प्रतिसाद सरासरी सुमारे ११ मिलिसेकंद उशिरा उमटतो. पुढे २०१९ मध्ये त्यांनी क्वचितच बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात हा उशीर आणखी जास्त दिसला. म्हणजे ऐकण्याच्या पहिल्याच पायरीवर काही वेगळे घडत असावे. त्यावरचा उपाय मात्र यातून अद्याप निघालेला नाही.

आता आवाजाविषयी. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण खडखडाट १०० डेसिबलच्या पुढे जातो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन हवेतच. ढोलाला घाबरणारे मूल हा आवाजही सहन करणार नाही, असे आधीच धरून चालू नका. स्वतः बटण दाबले तर मिक्सरचा आवाज खपवून घेणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना त्रास होतो तो अवचित येणाऱ्या आवाजाचा. त्याच्या अंगावरचा ताईत, चांदीचा करदोटा आणि चेन असलेली पँट त्या दिवशी चालणार नाही. या वस्तू काढू देण्याची सवय मात्र आठवडाभर आधीपासून लावा, कारण ऐनवेळी करदोट्यावरून बिनसलेला दिवस पुन्हा सावरत नाही. केवळ संशोधनासाठी भूल देणार असतील, तर माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे.

संमतीविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, पालकांच्या सहीखेरीज ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती घ्यावी. ‘तोंडी’ हा शब्द लिहिताना तुमचा मुलगा कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा! तो नाही कसे म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक आहे: हात झटकतो, पाठ वळवतो, तुमचा हात धरून दाराकडे नेतो. या खुणा संशोधकांना लिहून द्या आणि यातली एकही दिसली तर त्या दिवशीचे काम तिथेच थांबेल, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. त्यांनी टाळाटाळ केली, तर सही करू नका.

सराव घरीच करता येईल. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून बोगदा करा, संशोधकांकडून यंत्राच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मागून घ्या, ते मोबाइलवर हळू लावा आणि ‘स्टॅच्यू’ खेळा. पहिल्या दिवशी दहा सेकंद, जमले तर पुढच्या आठवड्यात मिनिटभर. आवाज सुरू करण्याचे बटण त्यालाच दाबू द्या. तो किती वेळ पडून राहिला आणि कशामुळे उठला, हे रोज वहीत टिपून ठेवा आणि भेटीला जाताना ती वही सोबत न्या.