काढलेलं जॅकेट ठेवायचं कुठे?

फेब्रुवारी लागला की पत्रांचा सूर एकच असतो, सकाळी कुडकुडतो आणि दुपारी घामाघूम होतो, मग घालायचं तरी काय. त्यातली चार पत्रं या वेळी घेतलीयत.

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची आहे, पुण्यात राहते. सकाळी पावणेसातला स्कूटर काढते तेव्हा बोटं गारठलेली असतात, ऑफिसात एसी, आणि दुपारी जेवायला बाहेर पडलं की डोक्यावर रखरखीत ऊन. हुडी घालते पण दुपारपासून ती हातात घेऊन फिरावं लागतं आणि आतला टीशर्ट दाखवण्यासारखा नसतो. शिवाय एकावर एक घातलं की मी जाड दिसते. काय करू?

उत्तर: अगं, निम्मं उत्तर तूच लिहिलंयस. आतला टीशर्ट दाखवण्यासारखा नसतो, खरी गडबड तिथेच आहे. आपण सकाळी आरशात बघतो ते हुडी-बिडी सगळं चढवून, आणि दिवसातले निम्मे तास तर ती काढलेलीच असते ना. म्हणून उलटीकडून सुरुवात कर. दुपारी एक वाजता तू कशी दिसणार हे आधी ठरव, म्हणजे चांगला कॉटनचा शर्ट किंवा मलमलचा कुर्ता, जो एकटा घातला तरी पूर्ण वाटेल. मग त्यावर काय चढवायचं ते बघ, आणि चढवताना प्रत्येक कपड्याला विचार, तुला काढल्यावर ठेवू कुठे? खुर्चीच्या पाठीवर, पर्समधे की डिकीत? ज्याला जागा नाही ते घरीच राहू दे.

आपल्याकडे या दिवसांत पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी ३२ च्या आसपास असतं, हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर गार होते. वीस अंशांचा हा फरक एका जाड कपड्याने भरून निघत नाही. ऊब कापडात नसते गं, कापडांच्या मधे अडकलेल्या हवेत असते, म्हणून दोन पातळ कपडे एका जाड कपड्याला भारी पडतात. आणि स्कूटरवर हुडी का कमी पडते माहितीये? तिच्या विणीतून वारा आरपार जातो आणि ती ऊबदार हवाच उडवून लावतो. त्यामुळे मधे बटणांचा पातळ स्वेटर आणि वरून साधं विंडचीटर, ज्याची मुठीएवढी घडी होते आणि डिकीत मावते. सनकोट असेल तर तो दुपारच्या उन्हाला ठेव, सकाळचा वारा एकट्या सुती सनकोटाने अडत नाही.

आता जाड दिसण्याचं. अंगालगतचं फिटिंगचं, वरचं सैल, असं कर, लोक नेमकं उलटं करतात आणि मग खांद्याशी चुण्या पडतात. स्वेटर कमरेच्या जरा खाली संपणारा घे आणि ऑफिसात बटणं उघडी ठेव, समोर शर्टाची सरळ उभी पट्टी दिसते आणि अंग शिडशिडीत वाटतं. तिन्हींपैकी नक्षी एकावरच, बाकी दोन प्लेन. आणि एक मनापासून सांगते, तोंडाला बांधायचा स्कार्फ म्हणून जुनी ओढणी वापरणं बंद कर! दोन मीटरची छानशी हातमागाची सुती ओढणी घे, नीळ किंवा हळदी रंगात, रस्त्यावर तोंडाला आणि ऑफिसात एसी वाढला की गळ्यात.

प्रश्न: मी शिक्षक, वय ५३, नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ राहतो. सकाळच्या शाळेला हाफ स्वेटर घालतो, मुलगी म्हणते बाबा म्हातारे दिसता.

उत्तर: सर, निफाडच्या थंडीत सकाळच्या शाळेला जाता, तुमचा हाफ स्वेटर अजिबात चुकीचा नाही. छाती-पाठ ऊबदार राहते, हात मोकळे राहतात, फळ्यावर लिहिणाऱ्याला अजून काय हवं? फक्त तो ढगळ झालेला असेल तर बदला आणि रंग शर्टापेक्षा गडद घ्या. मुलीला खूश करायचं तर खादीची बंडी शिवून घ्या, म्हणजे नेहरू जॅकेट म्हणतात तेच. खादीचं सूत हाताने कातलेलं, थोडं जाडंबारीक असतं, त्यात हवा धरून राहते आणि घामही शोषला जातो, म्हणून ती दोन्ही वेळांना चालते. दुपारी बंडी खुर्चीवर, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या की झालं. शिंप्याला एवढंच सांगा, खांदा अंगाबरोबर हवा आणि बटणं लावल्यावर पोटावर ताण नको.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरहून लिहितेय. लग्नसराईत लॉनवरच्या रिसेप्शनला साडीवर काय घ्यावं? स्वेटर घातला की सगळी साडी झाकली जाते.

उत्तर: ताई, तुमच्या गावात राहून हा प्रश्न! घरातल्या मोठ्या बायकांची कपाटं उघडून बघा, तुमच्याच गावची विणकामाची ओळख असलेल्या हिमरूची एखादी शाल निघेलच असं नाही, पण निघाली तर नशीब. सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं ते कापड, अंगाला ऊब आणि दिसायला रुबाब, प्लेन काठपदरी साडीवर एका खांद्यावरून सोडा. साडी भरजरी असेल तर शाल साधी घ्या, दोन्ही बोलायला लागल्या की एकीचंही ऐकू येत नाही. आणि खरी थंडी हातांना आणि गळ्याला वाजते, म्हणून ब्लाऊज पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा शिवा, खणाचा शिवलात तर फारच सुंदर. अस्तर सुतीच लावायला सांगा, सिंथेटिक अस्तर घाम शोषत नाही आणि अंगाला चिकटतं.

प्रश्न: एप्रिलमधे मुलाकडे लंडनला जातेय, पहिल्यांदाच. मैत्रिणी म्हणतात थर्मल घे आणि जाड कोट घे.

उत्तर: काकू, एप्रिलमधे तिथे दुपारी साधारण १५ अंश असतं, सकाळी ५-६, मधेच ऊन आणि मधेच सर. थर्मल रोज घालू नका, कारण ट्रेनमधे आणि दुकानांत गरम व्हायला लागलं की नेमकं तेच काढता येत नाही. पंजाबी ड्रेस, त्यावर पातळ लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट, एवढं पुष्कळ झालं. सलवारीपेक्षा सरळ पँट बरी, पाऊस पडला तर घेर ओला होऊन पायाला चिकटत नाही. थर्मलचा एक जोड बॅगेत असू दे, एखाद्या गारठ्याच्या सकाळी बागेत फिरायला उपयोगी पडेल. आणि जॅकेट इथून घेणार असाल तर दुकानात आधी स्वेटर अंगात घाला आणि मगच जॅकेट घालून बघा, हात वर केल्यावर काखेत अडकलं तर पुढचा साइझ मागा.