दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेव

आपल्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या स्कॅनचं काम तू घेतलंस ते बरं झालं. पण एकाच कपाटातल्या दोन हार्डडिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, पाणी शिरलं की दोन्ही जातात. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपही तिथेच ठेवलेल्यांचं सगळंच गेलं. एक प्रत पुण्यात, एक नागपूरच्या सभासदाकडे, एक क्लाउडवर असू दे.

आरसिंकला, म्हणजे एका जागेच्या फाइली दुसऱ्या जागी उतरवणाऱ्या प्रोग्रामला, डिलीटचा पर्याय लावू नकोस. इथे चुकून उडालेली फाइल तिथूनही उडते. चेकसमची, म्हणजे फाइल बदलली का ते ओळखायच्या आकड्यांची, यादी वेगळी ठेव. आणि महिन्यातून एकदा एखादा अंक बॅकअपमधून परत उतरवून, पानं उलटून बघ. आमची बॅकअपची झिप फाइल शून्य केबीची, म्हणजे रिकामी, निघाली होती. आठ महिने रोज रात्री 'बॅकअप यशस्वी' असा मेल मात्र न चुकता यायचा!