आधी बाजार भरव, मग आलेख काढ

प्रिय नवशिक्या मास्तरा,

अकरावीची पोरं अर्थशास्त्राच्या तासाला पेंगतात, असं लिहिलंस. पेंगणारच! व्याख्या उतरवून घेताना दुसरं काय होणार? माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली. वह्या सुंदर भरायच्या, पण भाव ठरतो कसा, असं विचारलं की वर्ग छताकडे बघायचा.

येत्या सोमवारी फळ्याला हात लावू नकोस. वर्गात कांद्याचा बाजार भरव. दहा शेतकरी, दहा व्यापारी. शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर क्विंटलमागे खर्च लिही : ८००, ९०० असं चढत १७०० पर्यंत. व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर जास्तीत जास्त किती देता येतील ते : १९०० पासून शंभर-शंभरने उतरत १००० पर्यंत. प्रत्येकाचा सौदा एकाच क्विंटलचा, तोट्यात जायचं नाही आणि चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही.

बोली मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड चेंबरलिन वर्गात असाच बाजार भरवत. १९४८ साली त्यांनी त्यावर निबंध छापला. मुलं हिंडून आपापसात सौदे करत आणि भाव पुस्तकातल्या समतोलापासून, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या भावापासून, भरकटे. त्यांच्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे बोली जाहीर केली आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवला, तेव्हा भाव समतोलाकडे सरकू लागला. २००२ साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा एका फेरीवर थांबू नकोस, निदान तीन घे.

पहिली फेरी म्हणजे नुसता गोंगाट. शेजारच्या वर्गातून निरोप येईल, येऊ दे. तिसरीपर्यंत भाव १३०० ते १४०० मध्ये घुटमळू लागतो, कुणी ठरवून दिलेला नसताना. मग व्यापाऱ्यांच्या १६०० पासून वरच्या चारही चिठ्ठ्या काढून घे (हे माल परदेशी पाठवणारे समजायचे) आणि जाहीर कर, "निर्यात बंद." डिसेंबर २०२३ मध्ये खरंच झाली होती, मे २०२४ मध्ये उठली. भाव ११००-१२०० वर येतो.

माझ्या वर्गात १३०० ची चिठ्ठी एका शेतकऱ्याच्या पोराकडे होती. आधी त्याचा माल गेला होता, आता कुणी विचारेना. चिठ्ठी उलटसुलट करत तो म्हणाला, "सर, माझा खर्च तर तेवढाच आहे." मागच्या बाकावरून एक मुलगी ताडकन बोलली, "पण आमच्याकडे स्वस्त झाला ना!" अशा वेळी आपण मधे पडायचं नाही. दहा मिनिटं दोघं भांडले, निम्मा वर्ग इकडे, निम्मा तिकडे. मग मी खडू उचलला.

घटत्या सीमान्त उपयोगितेसाठी, म्हणजे प्रत्येक पुढच्या नगातून मिळणारं समाधान कमी होत जातं हा नियम शिकवण्यासाठी, लाडू वाटायच्या भानगडीत पडू नकोस. या वयाची पोरं पाचवा लाडूही पहिल्याइतक्याच आनंदाने खातात आणि नियम तोंडघशी पडतो.

आणि हो, चिठ्ठ्या पुठ्ठ्याच्या कर. कागदाच्या दुसऱ्या तुकडीपर्यंत टिकत नाहीत.

तुझे
जुने सर